मैत्रीचे देणे

(महोत्सवी वर्षानिमित्त हमरापूर येथे भरलेल्या युवक-शिबिराच्या समारोपप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे पताका, वाद्ये, नवी वस्त्रे आणि पंगती डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि ह्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या इस्राएल लोकांपासून जुबिलीची चाल आपल्याकडे आली, त्यांच्या नियमशास्त्रात पन्नासावे वर्ष हे प्रथमतः ज्याचे त्याला परत करण्याचे वर्ष होते. विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, दास्यात पडलेला मनुष्य आपल्या घरी परत यावा, असा त्या वर्षाचा दंडक होता. तेव्हा महोत्सव साजरा करणाऱ्याने आरंभी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे: मी कोणाचे काही देणे लागतो काय?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तरासाठी मला दूर जावे लागले नाही. मला येथल्या रेल्वे स्थानकावरील एक बाक आठवले, आणि त्या बाकावर बसलेला एक तरुण आठवला. म्हणून आज अभिनंदनाचे भाषण न करता मी ह्या एका देण्याचा हिशेब आपणांपुढे मांडणार आहे. देणे पैशाचे नव्हे, मैत्रीचे आहे. ऋणको मी आहे आणि धनको तो आहे. त्याला व त्याच्या मातेला विचारून, दोघांची संमती घेऊन मी हे बोलत आहे. नाव मात्र घेणार नाही.

हा तरुण जन्मतःच इतरांहून निराळ्या घडणीचा आहे. सामान्यतः आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्याच्या ठायी एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक आहे. पॅरिसमध्ये जेरोम लेझून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण 1959 साली जगापुढे मांडले. ज्यांना आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो त्यांच्यात इतरही अनेक प्रकार आहेत. कोणाला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेला असतो. कोणाला बालपणीच्या मेंदूज्वराने ही स्थिती आलेली असते. कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. समजण्यास, शिकण्यास आणि रोजचे व्यवहार करण्यास त्यांना इतरांपेक्षा अधिक वेळ व अधिक साहाय्य लागते. हा वेडेपणा नव्हे, हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे, आणि लग्न लावून दिल्याने हा बरा होत नाही. शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण त्या समजुतीपायी आपल्या कोकणात दोन-दोन आयुष्ये दुःखात लोटलेली मी पाहिली आहेत.

2011 च्या खानेसुमारीत आपल्या देशात दिव्यांग म्हणून नोंदलेली माणसे 2 कोटी 68 लाख होती, आणि त्यांपैकी बौद्धिक दिव्यांग सुमारे 15 लाख. त्यांना कोणकोणत्या नावांनी हाका मारतात हे मी सांगावयास नको. 'खुळा', 'येडा', आणि शिकलेल्यांच्या तोंडी 'मतिमंद'. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा शब्द मागे टाकला. शब्द बदलला म्हणजे मन बदलतेच असे नाही; तथापि ज्या शब्दाने माणूस दुखावतो तो शब्द सोडून देण्यास काही खर्च पडत नाही.

आता, हे सारे मी वडीलधाऱ्यांना सोडून तुम्हां विद्यार्थ्यांनाच उद्देशून का बोलतो? त्याचे कारण तुमच्या वयात आहे.

अशा मुलांसाठी शाळा आहेत. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने 1944 साली सुरू केलेली शाळा आज शिवडी येथे 'जय वकील' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या पेण शहरातही सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल शाळा आणि आई डे केअर ही संस्था अशा मुलांकरिता कार्य करीत आहेत. कायद्यानेही अशा मुलांना सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु अठराव्या वर्षी काय होते ते पाहा. त्याच्या शेजारचा, त्याच्या बरोबरीचा मुलगा महाविद्यालयात जातो. त्याला नवे मित्र मिळतात, मागाहून नोकरी मिळते, पुढे संसार होतो. ह्याची मात्र शाळा संपते आणि पुष्कळदा त्याबरोबर जगही संपते. घर, ओटा, आणि दिवसेंदिवस थकत चाललेली आई. लहानपणी ज्यांच्यासोबत तो अंगणात खेळला, ते त्याला ओळख देतात, हसून हात करतात आणि गाडी पकडण्यासाठी पुढे निघून जातात. त्यांच्या मनात दुष्टपणा नसतो. त्यांना केवळ घाई असते.

ज्या वयात तुमच्यासाठी वाट उघडते त्याच वयात त्याच्यासाठी ती बंद होते. म्हणून ह्या वळणावर त्याच्याजवळ थांबण्याचे काम जर कोणी करू शकत असेल तर ते तुम्हीच.

हे मला पटले होते. पण ते करावे कसे हे ठाऊक नव्हते. माझी चूक येथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळाच्या आरंभी मी बारा विद्यार्थ्यांना बोलावले. आसपासच्या गावांतून अशी बारा घरे शोधली होती. त्यांत ख्रिस्ती घरे होती, हिंदू घरेही होती. प्रत्येकाला एकेक घर नेमून दिले आणि चाळीस दिवसांत इतके तास त्या घरी जावयाचे असे ठरवून दिले. हिशेबासाठी एक वही केली: तारीख, तास, सही. तासांची ही कल्पना मी महाविद्यालयांतून उचलली. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास समाजसेवा करावी असा नियम आहे. त्या योजनेने गावोगावी पुष्कळ चांगली कामे झाली आहेत, आणि रस्ता करताना किंवा झाडे लावताना तास मोजणे योग्यच आहे. मी मात्र तोच गज घेऊन मैत्री मोजू लागलो.

त्या बारांपैकी एक विद्यार्थी रोज हमरापूरहून गाडीने पनवेलला शिकावयास जात असे. त्याच्या वाट्याला हा तरुण आला. त्याची आई येथल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. हमरापुरात घरोघर मूर्ती घडतात, हे मी येथल्या मंडळींना सांगण्याची गरज नाही. परंतु आमच्या धर्मग्रामातील ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. त्या कारखान्यात हा तरुण लहान मूर्ती वाळत ठेवतो, वाळल्या की उचलून आणतो. साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती एकसारख्या दिसतात. तरी त्यांतली कोणती ओली आहे हे त्याला हात लावताच समजते. तेथे कोणी त्याला काम दिल्याचा उपकार दाखवीत नाही. तो आला नाही तर 'आज कुठे गेला?' असे विचारतात. त्या एका प्रश्नाचे मोल मला पुढे कळले.

पहिल्या दिवशी आमचा विद्यार्थी त्याला 'बाळा' म्हणून हाक मारू लागला. आई म्हणाली, "अरे, तो सव्वीस वर्षांचा आहे. तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा." विद्यार्थी लाजला आणि त्या दिवसापासून त्याला 'दादा' म्हणू लागला. मी दिलेल्या चाळीस दिवसांच्या शिक्षणात हा धडा नव्हता. तो त्या माउलीने दिला.

दादाला गाड्यांचे वेड. सायंकाळी काम सुटले की तो स्थानकावर येऊन बसे. दहाच्या पुढे त्याला मोजता येत नाही. परंतु लांबून येणारा आवाज ऐकून ही मालगाडी, ही न थांबणारी एक्सप्रेस, आणि ही आपली थांबणारी पॅसेंजर, हे तो अचूक सांगे. विद्यार्थी पनवेलहून उतरला की दोघे बाकावर बसत. वहीत तो अर्धा तास लिही. बसत मात्र दीड तास. त्याने मला पुढे सांगितले की एकदा परीक्षेत एका विषयात तो नापास झाला आणि घरी जाण्याचा धीर होईना. बाकावर बसून राहिला. दादाने काहीच विचारले नाही. आपल्या हातातला वडापाव अर्धा मोडून त्याच्या हाती दिला आणि अंधार पडेपर्यंत शेजारी बसला. "फादर, त्या दिवशी मला कोणी उपदेश केला असता तर मी उठून गेलो असतो," असे तो म्हणाला. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ उपदेश करीत आलो आहे. ते वाक्य मी मुकाट्याने ऐकून घेतले.

ईस्टरचा सण आला. वही भरली. मी मंदिरात अहवाल वाचून दाखविला, टाळ्या झाल्या, बारा जोड्यांचे छायाचित्र निघाले. माझ्या दृष्टीने कार्य तडीस गेले होते. जून महिन्यात त्या विद्यार्थ्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. जाताना त्याने दादाला सांगितले नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून सांगितले नाही, असे तो मागाहून म्हणाला. मीही त्याला 'सांगितलेस का?' म्हणून विचारले नाही. कारण वही बंद झाली होती.

श्रावण उजाडता उजाडता दादाची आई माझ्याकडे आली. कारखान्यांत कामाची धांदल असताना ती अर्धा दिवस मोडून आली होती. ती रागावली नव्हती; रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "फादर, माझ्या पोराला तुम्ही मैत्र दिलंत. आता तो रोज गाडीवर जाऊन बसतो. पावसात भिजतो, जेवायला येत नाही. मी सांगते तर ऐकत नाही. त्याला सांगायला तुम्हीच या."

मी गेलो. बाकावर त्याच्या शेजारी बसलो. पॅसेंजर आली, तो उभा राहिला, एकेक डबा पाहू लागला, गाडी गेली, तो खाली बसला. तो आता पुण्याला असतो, हे मी त्याला समजावू लागलो. नोकरी म्हणजे काय, पुणे किती दूर, सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि मलाच समजूत घालावी तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या गाडीला."

बंधुभगिनींनो, त्या सायंकाळी आणखी दोन गाड्या गेल्या. मी तेथून उठलो तो देणेकरी होऊन उठलो.

त्यानंतर मी ह्या विषयाचा शोध घेऊ लागलो. इतरांनी ही वाट कशी चालली असेल हे मला पाहावयाचे होते. त्यांतील काही गोष्टी सांगतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांचे नाव आपल्या जुन्या मंडळींना परिचित आहे. त्यांची बहीण रोझमेरी, जन्म 1918, ही बौद्धिक दिव्यांग होती. 1941 साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविण्यात आली आणि तीत तिचे उरलेसुरले सामर्थ्यही गेले. पुढे तिला एका दूरच्या संस्थेत ठेवले, आणि तिच्याविषयी कुटुंब जगापुढे बरीच वर्षे मौन राहिले. इतके वैभव, इतके शिक्षण, इतकी भक्ती असलेल्या घरातही लाज होतीच! ही लाज रोझमेरीची बहीण युनिस हिने मोडली. तिने 1962 साली मेरीलंडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांचे उन्हाळी शिबिर भरविले, आणि शाळा-महाविद्यालयांतील तरुणांना बोलावून मुलांचे सोबती म्हणून नेमले. त्यातून 1968 साली शिकागो येथे स्पेशल ऑलिंपिकचे पहिले सामने झाले. पुढे युनिसचा पुत्र अँथनी हा वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यापीठात शिकत असता, त्याने एक विद्यार्थी आणि एक बौद्धिक दिव्यांग अशा जोड्या जमविण्यास आरंभ केला. त्यातून 1989 साली 'बेस्ट बडीज' ही संस्था उभी राहिली. आज तिचे कार्य अनेक देशांत चालते. आजीच्या पिढीने लपविले, आईच्या पिढीने मैदानावर आणले, मुलाने मित्र म्हणून शेजारी बसविले. एका घराला एवढी वाट चालावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

दुसरी गोष्ट एका विद्वान धर्मगुरूची. हेन्री नॉवेन हे येल आणि हार्वर्ड ह्या विद्यापीठांत अध्यापन करीत. ते सोडून 1986 साली ते कॅनडात टोरोंटोजवळील 'डेब्रेक' नावाच्या वसाहतीत राहावयास गेले. तेथे दिव्यांग आणि अदिव्यांग एका घरात राहतात. ॲडम नावाच्या, बोलता न येणाऱ्या तरुणाला रोज सकाळी स्नान घालणे, कपडे घालणे, न्याहारी देणे हे काम त्यांच्याकडे आले. आरंभी त्यांना भीती वाटली. पुढे तोच तरुण त्यांचा मित्र आणि शिक्षक झाला, असे त्यांनी लिहून ठेवले. 1996 साली प्रथम ॲडम गेला आणि त्याच वर्षी नॉवेनही गेले. हार्वर्डच्या व्याख्यानमंदिरात जी शांती त्यांना लाभली नाही ती त्या स्नानगृहात लाभली.

डेब्रेक ही वसाहत 'लार्श' नावाच्या ज्या चळवळीची, ती 1964 साली फ्रान्समध्ये जाँ व्हानिए ह्यांनी सुरू केली, आणि 1970 साली बंगळुरास 'आशा निकेतन' ह्या नावाने ती भारतात आली. येथे एक कटू सत्यही मला सांगितलेच पाहिजे. व्हानिए ह्यांच्या निधनानंतर, 2020 साली, त्यांच्याच संस्थेने केलेल्या चौकशीत असे निष्पन्न झाले की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून अनेक स्त्रियांवर अत्याचार केले होते. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या. परंतु त्यांनी विश्वास ठेवला होता. संस्थेने हे झाकून ठेवले नाही, स्वतःच प्रसिद्ध केले. ह्यावरून मी एवढेच शिकलो की चांगले काम हे चांगल्या माणसाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि जेथे एकाचे बळ अधिक व दुसऱ्याचे कमी, तेथे मैत्री उघड्या दारानेच झाली पाहिजे.

आता परदेश सोडून आपल्या तालुक्यात येऊ. गागोदे गाव येथून फार दूर नाही. तेथे 1895 साली विनोबा भावे जन्मले. त्यांच्या लहानपणी त्या घरात एक अंध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत, आणि घरात त्यांचे सारे प्रेमाने होत असे. पुढे विनोबा बडोद्यास असता त्यांच्या मृत्यूचे पत्र आले. पण आईने सुतकाचे स्नान केले नाही. मुलाने कारण विचारले, तेव्हा आईने सांगितले की ते आपले नातलग नव्हतेच. त्यांना कोणी नव्हते म्हणून ते आपल्या घरी राहिले. इतकी वर्षे त्या घरातील मुलांना हे कळले नव्हते! ते गृहस्थ अंध होते, बौद्धिक दिव्यांग नव्हते; परंतु धडा एकच. उपकार असा करावा की घरातल्या मुलांनाही तो उपकार आहे हे कळू नये. आम्ही मात्र चाळीस दिवसांचे छायाचित्र काढून भिंतीवर लावले.

ह्या सर्वांतून मला जे उमगले ते, माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्या हाती देतो.

पहिली गोष्ट, त्याच्याशी बोला; त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईशी बोलू नका. 'ह्याला चहा चालतो का?' असे आईला विचारण्याऐवजी 'दादा, चहा घेणार?' असे त्याला विचारा. उत्तरास वेळ लागेल. तो वेळ म्हणजेच मैत्री.

दुसरी गोष्ट, शिकवावयास जाऊ नका. शिकविणारे त्याला जन्मभर भेटत आले आहेत. त्याच्यासोबत काही करा: सामना पाहा, गाणे म्हणा, गाडी पाहा. स्पेशल ऑलिंपिकमध्ये आता दिव्यांग आणि अदिव्यांग एकाच संघात खेळतात. एकाने खेळावयाचे आणि दुसऱ्याने बाहेरून टाळ्या वाजवावयाच्या, ही रीत तेथे मागे पडली आहे. आपल्या वार्षिक क्रीडामहोत्सवातही ती मागे पडावी.

तिसरी गोष्ट, त्याच्याकडून काही घ्या. अर्धा वडापाव असेल तर तो घ्या. ज्याला नेहमी दिले जाते आणि ज्याच्याकडून कधी काही घेतले जात नाही, तो मनुष्य भिकारी ठरतो. त्याच्या घरी अन्न असले तरी.

चौथी गोष्ट, सारे उघड्यावर असू द्या. घरच्यांच्या माहितीने भेटा, मोकळ्या जागी भेटा, शक्यतो दोघांनी मिळून जा. त्याला विचारल्यावाचून त्याचे छायाचित्र काढू नका, आणि ते भ्रमणध्वनीवरून गावभर पाठवू नका.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण. वचन थोडे द्या, पण दिलेले पाळा. 'येत जाईन' असे म्हणू नका. 'महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन' असे म्हणा. तुम्ही एक ना एक दिवस जाणार. नोकरी, लग्न, परगाव हे तुमच्या वाटेवर आहेच, आणि जाणे हे पाप नव्हे. न सांगता जाणे हे पाप आहे. जाण्याच्या आधी सांगा, पुनःपुन्हा सांगा, आणि तुमच्या मागून जो त्याचा सोबती होणार त्याला हाताला धरून त्याच्याजवळ घेऊन या. पवित्र शास्त्रात दाविदाचा जिवलग मित्र योनाथान मरण पावला, तेव्हा दाविदाने त्याच्या घराण्यात कोणी उरले आहे काय, म्हणून शोध केला. दोन्ही पायांनी लंगडा असा त्याचा पुत्र मफीबोशेथ सापडला, आणि राजाने त्याला कायमचे आपल्या पंगतीला बसविले. मित्र गेला, मैत्री गेली नाही.

वडीलधाऱ्यांनाही एक शब्द सांगतो. अशा प्रत्येक घरात आईबापांच्या मनाला एकच घोर असतो: आमच्या पश्चात ह्याचे कोण? ह्याच चिंतेतून बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी 'आधार' ही संस्था उभी केली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय झाली आहे. त्यासाठी जिल्ह्यात समिती असते. ज्यांना ही माहिती नसेल त्यांनी माझ्याकडे यावे. अर्ज भरून देण्यास मी बसेन. परंतु कायद्याला पालक नेमता येतो, मित्र नेमता येत नाही. तो शेजारातून, शाळेतून, मंदिराच्या पायरीवरूनच यावा लागतो.

आता माझ्या देण्याचे काय झाले ते सांगून संपवितो.

मी त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. दोष त्याला दिला नाही. मीच वही बंद केली होती, असे लिहिले. अनंत चतुर्दशी झाली, मूर्ती गेल्या, कारखाने शांत झाले, आणि पुढच्या रविवारी तो सायंकाळच्या गाडीने उतरला. दादाने त्याला पाहिले आणि तोंड फिरविले. बराच वेळ तो बोलला नाही. विद्यार्थी शेजारी बसून राहिला. बसून राहणे तो त्याच्याकडूनच शिकला होता. मग लांबून आवाज आला. दादा उठला, विद्यार्थ्याची बाही धरून त्याला फलाटाच्या कडेपासून मागे ओढले आणि म्हणाला, "ही थांबत नाही." एक्सप्रेस धडाडत निघून गेली. बाही त्याने सोडली नाही.

आज तो विद्यार्थी वर्षातून दोनदा येतो. ते दिवस दादाच्या घरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या खुणेने दाखविलेले असतात. रविवारी सायंकाळी दूरध्वनी येतो. आणि ह्या गावातील दोन विद्यार्थी, ज्यांना त्याने स्वतः आणून दादाशी भेटविले, ते आता आठवड्यातून एकदा त्या बाकावर असतात. ह्या शिबिरातही दादा होता. काल मांडवाच्या खुर्च्या कोणी मांडल्या हे आपण पाहिलेच असेल.

असे असले तरी देणे फिटले असे मी म्हणू शकत नाही. त्या बारा घरांपैकी इतर घरीही मी गेलो. काही ठिकाणी जुनी मैत्री आपोआप टिकली होती, काही ठिकाणी नवी जडली. दोन घरी मात्र दार उघडले, पाणी मिळाले, चहा मिळाला, आणि आईने हात जोडून सांगितले, "नको फादर. पुन्हा सवय लागेल, पुन्हा तुटेल." मी त्यांना काय उत्तर देणार? त्या दोन घरांचा ऋणको मी आजही आहे. मी अधूनमधून जातो, चहा घेतो, परत येतो. दार उघडते आहे, हीच त्यांची कृपा.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात मी तुमच्याकडे नवी वही घेऊन आलेलो नाही. तास लिहू नका, सही करू नका, मला अहवाल देऊ नका. आपल्या गल्लीत, आपल्या वाडीत असा एकजण कोण आहे, हे तुम्हांला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. जमेल असेल तेवढेच ठरवा, आणि ठरविलेल्या दिवशी जा. तो तुमची वाट पाहू लागेल. मैत्री जडली ह्याची खूण तीच, आणि तुमची जबाबदारीही तीच.

सायंकाळची पॅसेंजर येण्याची वेळ झाली आहे. ज्यांना तिने जावयाचे आहे त्यांनी निघावे. स्थानकावर कोणी ओळखीचा बसलेला दिसला तर दोन शब्द बोलून मगच डब्यात चढा. गाडी कोणती थांबते आणि कोणती नाही, ते तो तुम्हांला सांगेल.